बॅरल-एज्ड स्टाउट: लाकडाखाली बिअर शोधायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा: शिकागोत राहणाऱ्या मावसभावाने पुण्याला येताना बॅरल-एज्ड, म्हणजे लाकडी पिंपात मुरवलेल्या, इम्पीरियल स्टाउट या दाट काळ्या बिअरच्या दोन बाटल्या आणल्या. ५०० मिलीच्या, १४ टक्क्यांच्या. एक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली, फ्रीझरमधल्या मगांत ओतली आणि दोघांनी मिळून संपवली. सुरुवातीला जळकं कडू लागलं, नंतर खोकल्याच्या औषधासारखं गोड. लोकांना यात नेमकं काय आवडतं? दुसरी बाटली कशी प्यायची, की काही वर्षं ठेवून द्यायची?

बाटलीत काही खोट नव्हती. तुम्ही ती लागरसारखी, म्हणजे नेहमीच्या हलक्या, थंडगार बिअरसारखी प्यायलात, एवढंच झालं.

हलक्या लागरला चार-पाच अंशांचा गारवा शोभतो, कारण तिच्याकडून आपल्याला ताजेपणाच हवा असतो. दाट काळ्या स्टाउटला तोच गारवा मारक ठरतो. थंडीत गोडवा दबतो, सुगंध बाहेर येत नाही, पण कडवटपणा, भाजक्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) करपटपणा आणि गॅसची टोचणी शाबूत राहते. म्हणून तुमचे पहिले घोट जळके लागले. नंतर हळूहळू मगातली बिअर तापली, दबलेली साखर वर आली, आणि तोवर दाट, गोड, कडक पेयाचे इतके घोट पोटात गेले होते की जीभ बधिर झाली होती. खोकल्याचं औषध आलं ते तिथून.

बाटली ओतताना दहा अंशांच्या आसपास असावी आणि पिता पिता पंधरा-सोळापर्यंत जावी. थंडीच्या दिवसांत फ्रिजमधून काढून पाऊण तास बाहेर ठेवा, पुण्याच्या मे महिन्यात वीस मिनिटं पुरतात. थर्मामीटर नको. बाटलीला हात लावल्यावर गार वाटली पाहिजे, पण बोटं आखडायला नकोत.

आता प्रमाणाचा हिशेब. ५०० मिलीचे १४ टक्के म्हणजे ७० मिली शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ते ७७ मिली असतं. म्हणजे ही एक बाटली जवळपास एक क्वार्टर झाली, आणि तुम्ही दोघांनी बिअर समजून प्रत्येकी सव्वा ते दीड लार्ज (६० मिलीचे पेग) रिचवले. एका बाटलीला चार माणसं हवीत. प्रत्येकी सव्वाशे मिली, तेही तासभर पुरवून. आणि नंतर कुणीही गाडीची किल्ली हातात घ्यायची नाही.

ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा किंवा ब्रँडीचा छोटा फुगीर, तोंडाशी निमुळता. नसेल तर रेड वाइनचा चालतो. एक तृतीयांश भरा, वरची मोकळी जागा वासासाठी लागते. ग्लास गरम पाण्याने दोनदा खळबळून उपडा निथळू द्या. भांड्यांच्या साबणाचा लिंबाचा वास काचेवर चिकटून राहतो, आणि फडक्याने पुसलात तर फडक्याचा वास येतो. खोलीत उदबत्ती किंवा शेजारी फोडणी चालू असेल, तर थोडं थांबा. हे नखरे वाटतील, पण या बिअरचा निम्म्याहून जास्त आनंद नाकात असतो.

आता या बाटलीत आहे काय? इम्पीरियल स्टाउटचं मूळ अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये आहे. साउथवर्कमधल्या थ्रेल यांच्या ब्रूअरीतून रशियाच्या दरबारासाठी पोर्टर नावाची कडक काळी बिअर जायची, म्हणून पुढे 'इम्पीरियल' हे नाव चिकटलं. तेव्हाही बिअर लाकडातच असायची, पण लाकूड हे नुसतं भांडं होतं. बऱ्याच देशांत ब्रूअर पिंपाला आतून डांबरासारखी राळ फासायचे, ती लाकडाची चव बिअरला लागू नये म्हणूनही. लाकडाची चव मुद्दाम मागायची ही अलीकडची, अमेरिकेतली कल्पना.

तिथल्या कायद्याने बोर्बन ही अमेरिकन व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा बोर्बन काढली की ते पिंप पुन्हा बोर्बनसाठी वापरता येत नाही. साधारण २०० लिटरचं, उत्तम स्थितीतलं, व्हिस्की प्यायलेलं पिंप रिकामं होतं आणि विकायला निघतं. त्यातली बरीच पिंपं स्कॉटलंडला जातात, काही आपल्याकडे गोव्यात पॉल जॉनच्या आणि बंगळुरात अमृतच्या गोदामात सिंगल माल्ट मुरवायला येतात. आणि काही ब्रूअरीत.

शिकागोच्या गूज आयलंड ब्रूअरीत तिथले ब्रूअर ग्रेग हॉल यांनी जिम बीम या बोर्बन कंपनीची सहा पिंपं मिळवून त्यात स्टाउट भरली. जिम बीमचे बुकर नो यांच्याशी एका जेवणात झालेल्या गप्पांतून ही कल्पना निघाली. कंपनीच्या लेबलवर वर्ष १९९२ सांगतात, जुनी कागदपत्रं धुंडाळणारे १९९५ म्हणतात. ती म्हणजे बोर्बन काउंटी स्टाउट. आज थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरमधल्या अमेरिकन सणाच्या दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी रांगा लागतात, आणि २०११ मध्ये गूज आयलंड आन्हायझर-बुश या बड्या बिअर कंपनीने विकत घेतली तरी त्या रांगा मोडल्या नाहीत. तुमची बाटली तिचीच असेल किंवा तिच्या अनेक नातेवाइकांपैकी एखादी. पद्धत एकच: आधी प्रचंड माल्ट घालून दाट स्टाउट बनवायची आणि मग आठ महिने ते वर्षभर, कधी त्याहून जास्त, पिंपात ठेवायची.

पिंप बिअरला तीन गोष्टी देतं. पहिली, व्हिस्की. रिकाम्या दिसणाऱ्या पिंपाच्या लाकडात काही लिटर बोर्बन मुरलेली असते, ती बिअरमध्ये उतरते आणि अल्कोहोल एखाद-दोन टक्क्यांनी चढतं. दुसरी, लाकूड. अमेरिकन पांढऱ्या ओकमधल्या लॅक्टोनमुळे ओल्या खोबऱ्याचा वास येतो. लाकूड तापवल्यावर त्यातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन तयार होतं. युजेनॉलमुळे लवंग जाणवते, लवंगेच्या तेलात तेच असतं. जळालेल्या थरातून धुराची हलकी झाक येते आणि टॅनिनमुळे हिरड्या आवळतात. तिसरी गोष्ट हवा. फळ्यांमधून अगदी थोडा थोडा ऑक्सिजन आत झिरपतो आणि भाजक्या माल्टच्या करपट कडांना खजूर, काळ्या मनुका, काकवी यांच्याकडे नेतो.

तापमानाचाही यात हात असतो. गूज आयलंडच्या गोदामात तापमान एकसारखं राखत नाहीत. शिकागोच्या उन्हाळ्यात बिअर लाकडात शिरते आणि हाडं गोठवणाऱ्या हिवाळ्यात बाहेर येते. मिशिगनच्या फाउंडर्स ब्रूअरीची केबीएस ही स्टाउट मात्र ग्रँड रॅपिड्सखालच्या जुन्या जिप्समच्या खाणीत, बारमाही गारव्यात मुरते. दोन्ही जवळ ठेवून प्यायलात तर पहिलीत लाकूड पुढे धावतं आणि दुसरीत कॉफी-चॉकलेट. निदान माझ्या नाकाला तरी.

बाहेरच्यांना न दिसणारी एक गोष्ट सांगतो. एकाच दिवशी, एकाच टाकीतून भरलेली दोन शेजारची पिंपं वर्षभराने वेगवेगळी लागतात. चव बघायला पिंपाच्या पुढच्या चकतीला बारीक भोक पाडून त्यात स्टेनलेस स्टीलचा खिळा बसवलेला असतो. पकडीने खिळा ओढला की पेन्सिलच्या शिशाएवढी बारीक काळी धार सुटते, ग्लास तिच्याखाली धरायचा, तीस-चाळीस मिली घ्यायचे आणि खिळा परत ठोकायचा. वरचं बूच उघडावं लागत नाही, त्यामुळे हवा आत जात नाही. एका पिंपात नुसतं खोबरं, दुसऱ्यात बोर्बनचा भपका, तिसऱ्यात काहीच नाही, चौथं आंबलेलं. आंबलेलं सरळ गटारात जातं. उरलेल्यांची मोट बांधायची, ते खरं कसब. बाटलीत येतं ते या मिश्रणाचं फळ.

म्हणून माझं एकच म्हणणं असतं: पिंपाची चव आली की बिअर उत्तम, असं मानू नका. पिंपाची चव आणणं सोपं आहे, ताजं पिंप आणि वेळ एवढंच लागतं. लाकूड आणि व्हिस्की बाजूला सारली तर खाली बिअर शिल्लक आहे का, ते बघायचं. भाजलेलं धान्य, कडू चॉकलेट, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) थोडा तरी कणा. तो नसेल तर तुम्ही व्हॅनिलाचं सरबत पीत आहात. अलीकडे मार्शमेलो, नारळ, मेपल सिरप, डोनट असं सगळं कोंबलेल्या स्टाउटचं पेव फुटलंय. दोन घोट गंमत वाटते, तिसऱ्याला मला कंटाळा येतो.

आता प्रत्यक्ष चव कशी घ्यायची ते. ओतताना ग्लास तिरका धरा, शेवटी सरळ करा. फेस तपकिरी, बुटका आणि अल्पायुषी असेल. इतक्या अल्कोहोलमध्ये तो टिकत नाही, तो दोष समजू नका. उजेडासमोर धरलात तर मध्ये मिट्ट काळं आणि कडेला एखादी लालसर रेघ. रूपावर वेळ घालवू नका. बिअर परीक्षकांच्या बीजेसीपी पद्धतीत ५० पैकी रूपाला फक्त ३ गुण असतात, वासाला १२ आणि चवीला २०.

वास घेताना नाक ग्लासात खुपसू नका. अल्कोहोलचा भपका नाकाला सुन्न करतो, मग पुढची पाच मिनिटं काही कळत नाही. ग्लास हनुवटीच्या पातळीला धरून लहान लहान दोन-तीन हुंगण्या घ्या आणि थांबा. पहिल्यांदा बहुधा बोर्बन आणि व्हॅनिला येईल, त्यांचा आवाजच मोठा असतो. ते ओळखून बाजूला ठेवा. नाकाला विश्रांती द्यायला आपलंच मनगट किंवा शर्टाची बाही हुंगा, परीक्षकही हेच करतात. मग परत या आणि मुद्दाम मागचं शोधा: कॉफी? कोको? अंजीर? खमंग भाजलेली पावाची कड? काय सापडलं ते मराठीतच लिहून ठेवा. लेबलावर 'डार्क चेरी' लिहिलं असेल आणि तुम्हाला आमसूल आठवत असेल, तर आमसूल लिहा. अमेरिकन माणसाच्या लहानपणाचे वास आपल्याला कशाला हवेत?

घोट चमचाभर. गिळण्याआधी जिभेवर पसरू द्या, गिळा, तोंड बंद ठेवून नाकाने हळू श्वास सोडा. पहिल्यांदा करणाऱ्याला इथेच धक्का बसतो, कारण घशामागून नाकात चढणारा वास ग्लासातल्या वासापेक्षा वेगळा असतो. आता क्रम बघा. घशात ऊब येते ती अल्कोहोलची. ऊब असावी, जळजळ नसावी. मग गोडवा, मग हिरड्यांशी लाकडाची आवळ. अर्धा मिनिट काही न बोलता थांबा. शेवटी तोंडात कॉफी-चॉकलेटची कडू चव रेंगाळली, तर बिअर जिंकली. नुसता व्हॅनिला आणि स्पिरिट उरलं, तर पिंप जिंकलं. मग पाणी प्या, साध्या पावाचा तुकडा खा, आणि दहा मिनिटांनी पुन्हा या. ग्लास तापत जाईल तशी बिअर बदलत जाते, आणि एका ग्लासाला तासभर द्यायचा तो याच कारणासाठी.

सराव करायचा असेल तर स्वस्त उपाय आहे. एका ग्लासात बोर्बनच्या पिंपात मुरलेली गोव्याची सिंगल माल्ट, पंधरा मिली, तेवढंच पाणी घालून. दुसऱ्यात जवळच्या मायक्रोब्रूअरीतली साधी स्टाउट, पिंप न पाहिलेली. पहिल्यात जे सापडेल ते पिंपाचं, दुसऱ्यात जे सापडेल ते बिअरचं. आळीपाळीने हुंगा, मग तिसऱ्या ग्लासातली बॅरल-एज्ड घ्या. कोणता वास कुठून आला हे आपोआप सुटं व्हायला लागतं. पुस्तकं वाचून मला जे उमगलं नाही ते या खेळाने एका संध्याकाळी उमगलं. मे महिना असेल तर खिडक्या उघड्या ठेवा, गोव्याची माल्ट उष्णतेत भराभर मुरते आणि स्कॉचपेक्षा तिचा लाकडी वास जास्त ठसठशीत असतो, खोली भरून जाते.

बिघडलेली बिअर ओळखता आली पाहिजे, कारण एवढे पैसे मोजल्यावर माणूस वाईटालाही 'कॉम्प्लेक्स' म्हणायला लागतो. नेलपॉलिशचा झणका आला तर पिंपात व्हिनेगर करणारे जिवाणू पोचले होते. ओला पुठ्ठा म्हणजे हवा लागलेली, शिळी. सोया सॉसची खारट झाक म्हणजे फार जुनी किंवा उन्हात-उकाड्यात ठेवलेली. जरासा सोया मी खपवून घेतो, प्रमाणाबाहेर गेला की नाही. आंबटपणाची गोष्ट नाजूक आहे. भाजक्या माल्टमध्ये मुळातच थोडी आम्लता असते, काळ्या कॉफीसारखी. ती कडवटपणाबरोबर येते आणि त्याच्याबरोबर जाते. जिवाणूंचा आंबटपणा वेगळा, तो गालांच्या आत लाळ सोडतो आणि गोडव्याशी भांडतो.

मोठ्यांच्याही हातून हे निसटतं. २०१५ च्या बोर्बन काउंटीच्या काही बॅचेस आंबट निघाल्या, गूज आयलंडने जानेवारी २०१६ पासून पैसे परत दिले. तपासात लॅक्टोबॅसिलस असेटोटॉलरन्स नावाचा जिवाणू सापडला. एवढ्या कडक अल्कोहोलमध्ये कुणी जगणार नाही, असा सगळ्यांचा समज होता. तेव्हापासून तिथे बिअर काही सेकंद तापवून पाश्चराइज करूनच बाटलीत भरतात. त्याने चव मारली जाते म्हणून ओरड करणारे होते. मला तरी फरक सांगता येत नाही, आणि आंबट बाटलीपेक्षा ते परवडलं.

तुमची दुसरी बाटली ठेवायची का? या बिअर वर्षानुवर्षं टिकतात हे खरं, पण ते दहा-तेरा अंशांच्या स्थिर, काळोख्या तळघरात. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये तळघर कुठलं? माळ्यावर ठेवलीत तर उन्हाळ्यात ती सदतीस-अडतीस अंश सोसेल, आणि तापमान वाढलं की हवेने होणारा बिघाड झपाट्याने वाढतो. एका उन्हाळ्यात तिची काही वर्षं होतील, आणि तीही वाईट. ठेवायचीच तर फ्रिजच्या तळाशी, उभी. वाइनसारखी आडवी नको, धातूच्या बुचाला आडवी ठेवून काही फायदा नाही आणि तळाचा गाळ मात्र बाजूला चिकटतो. फ्रिजमध्ये ती मुरते कमी, पण बिघडतही नाही.

आणि ठेवून मिळतं काय? अल्कोहोलची धार बोथट होते, मनुका-खजूर वाढतात, कडवटपणा उतरतो. पण कॉफी, व्हॅनिला किंवा मिरची घातलेला प्रकार असेल तर ते वास सगळ्यांत आधी उडतात, कॉफी तर वर्षभरातच. लेबल वाचा. कॉफीचा उल्लेख असेल तर या महिन्यातच उघडा. साधी असेल तर दीड-दोन वर्षं ठेवायला हरकत नाही. त्यापुढे ठेवणं हा जुगार आहे, आणि मला विचाराल तर मी आताच पिईन. ब्रूअरीने वर्षभर पिंपात मुरवून, निवडून, जुळवून ती प्यायला तयार झाल्यावरच बाहेर काढलेली असते.

बाटलीवर मेण असेल तर ते खरवडत बसू नका, तुकडे ग्लासात पडतात. ओपनर सरळ मेणावरूनच लावा आणि बूच उचला.

सोबत खायला चिवडा, चकली, तर्रीदार काही नको. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांची आग वाढवतात, आणि तिखटाने पोळलेल्या जिभेला लाकूड कळत नाही. खारे काजू उत्तम, मिठाने गोडवा सावरतो. सत्तर टक्क्यांचं कडू चॉकलेट चालतं, दुधाचं नको. ब्लू चीज आवडत असेल तर त्याच्यासारखी जोडी नाही. आणि गोव्याहून कुणी बेबिंका आणली, तर तिच्या भाजून तपकिरी झालेल्या थरांशी ही बिअर फार छान जुळते. फक्त तुकडा छोटा घ्या, दोन्ही गोडच आहेत. पुरणपोळीबरोबर मी करून पाहिलंय. नको.

चौघांत बाटली संपली नाही तर घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. गॅस मुळातच कमी असल्याने दुसऱ्या दिवशीही ती मेलेली लागत नाही, उलट कधी कधी स्पिरिटचा भपका बसतो आणि खालची बिअर जास्त स्पष्ट कळते. तिसऱ्या दिवसापर्यंत मात्र नेऊ नका.